साम्राज्य बुडाल्यानंतरचं जग : कल्पित इतिहासामागचा खरा इतिहास

फँटसीतल्या बहुतेक जगांत एक जुना रस्ता असतो. दगडी फरशांचा, नाकासमोर सरळ जाणारा आणि मध्येच रानात हरवणारा. तो कुणी बांधला असं कथेतल्या कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : फार पूर्वी एक मोठं साम्राज्य होतं, ते बुडालं. शापित तलवारी, विसरलेल्या विद्या, पडके बुरूज, परागंदा राजघराण्याचा शेवटचा वारस, सगळं त्या एका वाक्यातून उगवतं. पण बुडालं म्हणजे नेमकं काय झालं, हे फार थोडे लेखक सांगतात. एका रात्री आभाळ फाटलं, राजधानी गडप झाली आणि दुसऱ्या दिवसापासून अंधारयुग सुरू, एवढ्यावर भागवलं जातं. खरी साम्राज्यं अशी गेलेली नाहीत. ती ज्या तऱ्हेने गेली, त्यात कितीतरी जास्त कथा दडलेल्या आहेत.

या साच्याचं मूळ मुख्यतः पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्तात आहे. त्याची पाठ्यपुस्तकी तारीख म्हणजे इ.स. ४७६. त्या वर्षी ओडोएकर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या कोवळ्या वयाच्या सम्राटाला गादीवरून उतरवलं. त्याला मारलंसुद्धा नाही. तनखा बांधून देऊन दक्षिणेला कॅम्पानियात पाठवून दिलं. राजचिन्हं पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला, सम्राट झेनोकडे रवाना झाली. सोबतच्या निरोपाचा मथितार्थ असा की पश्चिमेला वेगळ्या सम्राटाची आता गरज नाही, तुम्ही एकटे पुरेसे आहात. रोमचं सिनेट पुढेही भरत राहिलं, कॉन्सल हे वरिष्ठ अधिकारी नेमले जात राहिले. ४७६ साली पश्चिमेचं साम्राज्य संपलं, असं नोंदवणारा पहिला इतिवृत्तकार मार्सेलिनस कोम्स हा थेट सहाव्या शतकातला, तोही कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून लिहिणारा. ज्यांच्या डोळ्यांदेखत साम्राज्य गेलं, त्यांना ते गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

मग गेलं काय? माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा इथे आहे : गेला तो पैशाचा आणि धान्याचा ओघ. ४३९ मध्ये गायसेरिक राजाच्या व्हँडल टोळ्यांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं. उत्तर आफ्रिका हा पश्चिमेचा सर्वांत श्रीमंत प्रांत होता. तिथलं धान्य रोमला जगवत होतं आणि तिथला कर सैन्याला. तो हातचा गेल्यावर ठाणी रिकामी पडली. ठाणी नाहीत म्हणून आणखी प्रांत गेले, प्रांत गेले म्हणून कर आणखी आटला. ४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम दोघांनी मिळून आफ्रिका परत घेण्यासाठी प्रचंड आरमार पाठवलं. ते व्हँडलांनी पेटती जहाजं सोडून उधळून लावलं. त्यानंतर ओडोएकरने केलं ते फक्त उत्तरकार्य.

ओघ आटतो तेव्हा सीमेवरच्या माणसाला काय दिसतं, याचं एक चित्र उरलं आहे. मला ते कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा मोलाचं वाटतं. डॅन्यूबच्या काठच्या नोरिकम प्रांतात, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाच्या परिसरात, सेव्हेरिनस नावाचा साधू राहत होता. त्याचं चरित्र युगिप्पियसने ५११ च्या सुमाराला लिहिलं. त्यात तो सांगतो की रोमची सत्ता होती तोवर गावोगावी सरकारी खर्चाने शिपाई ठेवलेले असत. ती पद्धत बंद पडली तशा पलटणी मोडल्या. बाटाव्हिस, म्हणजे आजचं पासाऊ, इथली तुकडी मात्र टिकून राहिली. त्यातल्या काही जणांना बाकीच्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीला पाठवण्यात आलं. वाटेत टोळीवाल्यांनी त्यांना मारलं, आणि मागे राहिलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता. एक दिवस आपल्या खोलीत वाचत बसलेला सेव्हेरिनस उसासा टाकून रडू लागला आणि म्हणाला, नदीवर जाऊन बघा, पाणी रक्ताने लाल झालं असेल. तेवढ्यात खबर आली की शिपायांची प्रेतं प्रवाहाने काठाला लावली आहेत.

यात ना शेवटचा रणसंग्राम आहे, ना अग्निवर्षाव. थकलेला पगार आणायला निघालेली चार माणसं परत येत नाहीत, आणि साम्राज्य त्या गावापुरतं संपतं. कल्पित जग रचणाऱ्याने आधी हेच ठरवावं : आपल्या साम्राज्याचा शेवटचा पगार कुठे अडकला?

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट जमिनीखाली सापडते. ४०२ च्या सुमारास नवी नाणी येणं जवळजवळ थांबलं. ४०७ मध्ये तिसऱ्या कॉन्स्टँटाइनने स्वतःला सम्राट घोषित केलं आणि फौज घेऊन तो गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, उतरला. ती फौज परतली नाही. मग एका पिढीच्या आत कुंभारकामाचे मोठे कारखाने बंद पडले. चाकावर मडकं घडवणं तिथे जवळजवळ तीनशे वर्षं नाहीसं झालं आणि लोक हाताने थापलेली ओबडधोबड भांडी वापरू लागले. चाक काही फार अवघड यंत्र नव्हे. पण त्यावर पोट भरणाऱ्या कुंभाराला बाजार लागतो, बाजाराला नाणं लागतं आणि सुरक्षित रस्ता लागतो. कल्पित जगांत विद्या नष्ट होते ती ग्रंथालय जळाल्यामुळे. इथे ग्रंथालयाला कुणी हातही लावला नव्हता. गिऱ्हाईक यायचं थांबलं होतं.

१९९२ मध्ये सफोक परगण्यात हॉक्सने इथे हरवलेला हातोडा शोधताना एका माणसाला पुरलेलं धन सापडलं. सोन्याचांदीची सुमारे १५ हजार नाणी, दागिने, चांदीचे चमचे. त्यातली सर्वांत अलीकडची नाणी ४०७-४०८ ची. चांदीच्या नाण्यांतली जवळजवळ सगळी कातरलेली आहेत. कडेची चांदी कापून काढायची आणि उरलेलं नाणं पुन्हा चालवायचं, असा तो प्रकार. पण कातरणाऱ्याने सम्राटाचा चेहरा जपला आहे. कडेवरची अक्षरं गेली, नाव गेलं, मुखवटा मात्र शाबूत. ज्याची फौज येणार नाही, ज्याचा कर कुणी गोळा करत नाही, त्याचा चेहरा असल्याशिवाय ती चांदी कुणी हातात घेत नव्हतं. साम्राज्य मागे काय ठेवून जातं ते या नाण्यावर दिसतं.

काही शतकांनी हे अवशेष कुणाचे, याची आठवणही पुसली गेली. दहाव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात पडक्या दगडी नगरावरची कविता आहे. ती बाथच्या रोमन अवशेषांवर असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या कवीला ते बांधकाम राक्षसी देहाच्या प्राचीन जमातीचं वाटतं. ते पानही आगीत होरपळलं आहे, त्यामुळे भग्न नगरावरची कविता स्वतःच भग्न अवस्थेत आपल्यापर्यंत आली. याच्या कितीतरी आधी ग्रीक लोक मायसीनी या आपल्याच देशातल्या प्राचीन नगराच्या तटबंदीकडे बघून म्हणत की एवढ्या शिळा माणसाने उचललेल्या नाहीत, हे एकाक्ष सायक्लोप्सांचं काम. खरं तर ती त्यांच्याच पूर्वजांनी बांधली होती. फँटसीतले प्राचीन महाकाय वंश इथून आले.

मायसीनीच्या लोकांची लिपीही अशीच हरवली. इ.स.पू. १२०० च्या आसपास पूर्व भूमध्यसागराभोवतालची राज्यं एकामागून एक कोसळली आणि ग्रीसची मुख्य भूमी सुमारे चारशे वर्षं लिपीविना राहिली. त्यांची ‘लिनियर बी’ लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने उलगडली. आत निघाल्या मेंढ्या, लोकर, तेल, रथाची चाकं यांच्या याद्या. ना मंत्र, ना भाकितं. ही लिपी राजवाड्यातल्या मोजक्या कारकुनांनाच येत होती, म्हणून राजवाडा गेला तशी तीही गेली. ज्या कच्च्या मातीच्या पाट्यांवर ती कोरली जाई, त्या खरं तर वर्षभरही टिकल्या नसत्या. राजवाडे जाळणाऱ्या आगीतच त्या भाजून पक्क्या झाल्या.

नाव मात्र सगळ्यात उशिरा मरतं. पूर्व रोमन साम्राज्यातल्या ज्या लोकांना आपण बायझंटाइन म्हणतो, ते १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते. ८०० मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घेतला. कैसर आणि झार या दोन्ही पदव्या सीझरच्याच. याचं उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधायला नको. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि पुढच्या काही दशकांत मुघल सत्ता दिल्लीभोवती आक्रसली. पण ज्यांनी ती आक्रसवली, त्या मराठ्यांच्या टांकसाळींतूनही बादशहाच्या नावाचे रुपये पडत राहिले. १७८४ मध्ये दिल्लीवर खरा ताबा महादजी शिंद्यांचा होता, तरी कारभार चालवायला ‘वकील-ए-मुतलक’ हे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचं पद शाह आलमकडूनच यावं लागलं. कंपनी सरकारने १८३५ पर्यंत नाण्यावर बादशहाचं नाव ठेवलं. आणि १८५७ च्या मे महिन्यात मेरठचे शिपाई उठले, ते रातोरात दिल्लीला ऐंशी ओलांडलेल्या बहादूरशहाच्या दारात गेले. त्याच्याकडे फौज नव्हती, खजिना नव्हता. नाव होतं. कल्पित जगात सिंहासनाचा खरा वारस एवढा महत्त्वाचा का असतो, हे ज्याला पटत नाही त्याने ती पहाट डोळ्यांसमोर आणावी.

अशा काळात सगळे हातपाय गाळून बसतात, असंही नाही. ओडोएकरला मारून ४९३ मध्ये इटलीचा धनी झालेला गॉथ राजा थिओडोरिक रोमन रीतीनेच कारभार बघत होता. त्याच्या पदरी राहिलेल्या कॅसिओडोरसने उतारवयात दक्षिण इटलीत मठ काढला आणि भिक्षूंना ग्रंथांच्या नकला करायला बसवलं.

पण मला सर्वांत आवडतो तो प्रसंग ५३७ चा. पूर्वेचा सम्राट जस्टिनियन याच्या सेनापतीने, बेलिसारियसने, रोम परत घेतलं होतं आणि गॉथांनी शहराला वेढा घातला होता. त्यांनी शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. स्नानगृहं कोरडी पडली. त्याहून वाईट म्हणजे कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या थांबल्या. बेलिसारियसने पुलाखाली टायबर नदीवर आडवे दोर ताणले आणि त्यांना दोन दोन होड्या बांधल्या. होड्यांमध्ये दोनेक फुटांची फट ठेवली, जाती होड्यांवर बसवली आणि फटीत पाणचक्की लावली. पुलाच्या कमानीखालून जोराने येणारं पाणी ती फिरवू लागलं. गॉथांनी वरून झाडाचे बुंधे आणि प्रेतं सोडून चक्क्या मोडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने पुलाशी साखळ्या टाकून ते अडवले. हे सगळं प्रोकोपियसने लिहून ठेवलं आहे, आणि तो स्वतः त्या वेढ्यात होता. लाखो लोकांचं रोम पुढे काही हजारांवर आलं, माळरानातल्या कालव्यांच्या कमानींवर गवत उगवलं. होड्यांवरच्या त्या गिरण्या मात्र टायबरवर पुढची शतकानुशतकं, अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत, पीठ दळत होत्या.