आवाज बदलण्याआधी माणूस ठरवा
(एआय आवाजाचं पात्र करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लातुरात आमच्याकडे एआय आवाजाचं, म्हणजे लिहिलेला मजकूर संगणकाकडून बोलवून घेण्याचं, काम घेऊन येणाऱ्यांत शेतीचे चॅनलवाले आहेत, क्लासेसवाले आहेत, कृषी सेवा केंद्रं आहेत, गोष्टींचे आणि सासू-सुनेच्या रील्सचे चॅनल चालवणारी पोरं आहेत. कामं वेगवेगळी, पण नमुना ऐकल्यावर येणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बहुतेक एकच असतो: "आवाज चांगलाय, पण जिवंत वाटंना. दुसरा लावून बघा." दुसरा लावला की तिसरा. तिसरा लावला की "पहिलाच बरा होता". यात तुमचा आठवडा जातो, आमचाही जातो आणि पोळ्याची रील दिवाळीला तयार होते. म्हणून हे पत्रक छापलं. काम देण्याआधी एकदा वाचा, पैसे भरण्याआधी वाचलंत तर आणखी बरं.

आवाज बदलून का भागत नाही

आवाज काढणारी ही एआय यंत्रणा मजकूर वाचून सूर ठरवते. शब्द कुठले, वाक्य किती लांब, थांबा कुठे, आधीच्या ओळीत काय होतं, यावरून ती अंदाज बांधते की इथे आवाज चढेल की उतरेल. आणि ती शिकलेली असते माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यावर, ज्यात स्टुडिओत बसून नीट वाचलेल्या मजकुराचा वाटा मोठा असतो. त्यामुळे तिचा घरचा सूर वाचनाचा. तुम्ही लिहून आणलंत, "शेतकरी बांधवांनो, पेरणीपूर्वी सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता तपासून घेणे अत्यंत आवश्यक आहे", की ती बातमी वाचणारच. यात तिची काही चूक नाही. हेच वाक्य म्हाताऱ्याच्या आवाजात घाला, तरुण पोरीच्या घाला, खर्जातल्या घाला. तिघं जण एकच बातमी वाचतील.

आमच्या फॉर्मवर 'पात्राचं वर्णन' असा रकाना आहे. त्यात सर्रास लिहून येतं: वय ५५, पुरुष, गावरान, विनोदी, दमदार, आपुलकीचा. हे वर्णन तालुक्यातल्या निम्म्या माजी सरपंचांना लागू पडेल. यावरून आम्हाला आवाज निवडता येतो, माणूस दिसत नाही. आणि माणूस दिसत नाही तोवर तो एखादं वाक्य कसं बोलेल हे ना आम्हाला ठरवता येतं, ना यंत्रणेला.

म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही वेगळंच विचारत बसतो आणि काही ग्राहक वैतागतात. हा माणूस कुणाशी बोलतोय, हजार लोकांशी की शेजारच्या एकाशी? त्याला कशाचा राग येतो? त्याला काय येत नाही? मेला तरी तोंडातून काढणार नाही असं वाक्य कुठलं? याची उत्तरं तुमच्याकडे असतात. कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

एक उदाहरण घेऊ. वरचाच विषय, बियाण्याची उगवण. समजा, पात्राचं नाव अण्णा. अण्णा तीस वर्षं मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहायला होते, आता घरची शेती बघतात. मोजलेल्या गोष्टीवरच त्यांचा विश्वास. अंदाजानं बोलणाऱ्याचा त्यांना संताप येतो आणि नशिबाला, आभाळाला दोष देणं त्यांना जमत नाही. एवढंच ठरवलं. आता अण्णा काय म्हणतील?

"गेल्या साली उगवलं नाही म्हणून आभाळाला शिव्या घातल्या. आभाळाचा काय संबंध? दाणे मोजले होते का? मोजा आता. शंभर. मूठभर नाही, शंभर. गोणपाट भिजवा, पिळून घ्या, त्यात दहा-दहाच्या रांगा मांडा अन् गुंडाळून सावलीत ठेवा. वाळू द्यायचं नाही. आठवड्यानं उघडा. सत्तर उगवले, तर पेरा बिनघोर. साठ-पासष्ट निघाले, तर एकरी बियाणं वाढवा. चाळीस? मग ते मोंढ्यात घाला, रानात नको."

विषय तोच आहे, किमान सत्तर टक्के उगवणीची नेहमीची अटही त्यात आली. आवाज आम्ही यादीतला अगदी साधा लावतो, फार खर्जातला नाही, फार म्हातारा नाही. तरी ऐकणाऱ्याला अण्णा दिसतात, कारण वाक्यं तुटक आहेत, प्रश्न मध्येच येतो, 'शंभर' दोनदा येतं. यंत्रणेला सूर बदलायला जागा मिळते ती अशी.

पात्र जमलं की नाही याची आमची परीक्षा सोपी आहे. त्याला नवाच विषय द्या. पीक विम्याबद्दल अण्णा काय म्हणतील? "पावती दाखव, तारीख दाखव, मग रड." हे तुम्हाला न अडखळता सुचलं, तर पात्र उभं राहिलं. नाही सुचलं, तर अजून नुसता आवाज आहे. दोन पात्रांचा संवाद असेल तर नावं झाकून ओळी वाचा. कुठली ओळ सासूची, कुठली सुनेची हे नावाशिवाय कळत नसेल, तर दोन आवाजांचे पैसे घालून तुम्ही एकच माणूस विकत घेताय.

सगळं येणारं पात्र नको

हे मुद्दाम वेगळं लिहितो. बहुतेक चॅनलवाल्यांना वाटतं की आपलं पात्र हुशार दिसावं, म्हणून ते खतावरही बोलतं, शेअर बाजारावरही, मुळव्याधीवरही. अशा पात्राला लोक ऐकतात, ओळखत मात्र नाहीत. अण्णांना फवारणीतलं कळत नाही असं ठरवलं की मजा येते: औषधाचा विषय निघाला की ते पुतण्याला हाक मारतात आणि त्यानं सांगितलेलं पुन्हा मोजून घेतात. एका 'मला येत नाही' मधून तुम्हाला दुसरं पात्र मिळतं आणि पुढच्या दहा भागांची सोय होते. शिवाय चुकीचा डोस सांगितल्याची जबाबदारी अंगावर येत नाही, ते निराळंच.

'गावरान करा' म्हणजे नेमकं कुठलं?

सिनेमा-मालिकांनी रांगडं म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडचं असं ठरवून टाकलंय. नुसतं 'गावरान' लिहून आलं की मजकूरही आपोआप तिकडचा होतो, आणि आपल्याकडचा ऐकणारा पहिल्याच वाक्यात ओळखतो की हा बाहेरचा. मराठवाड्यातही एक बोली नाही. परभणीकडं 'मी जायलो' म्हणतील, उदगीर-देगलूरकडं 'जाऊलालाव' ऐकू येईल. तुमचं पात्र कुठल्या गावचं आहे ते सांगा, जिल्हा नको, गावच सांगा. पण प्रत्येक शब्द बोलीत लिहू नका. अशी रूपं यंत्रणेनं फारशी वाचलेली नसतात, ती अडखळते. चार वाक्यांत एखादं पुरतं. बाकी काम 'की', 'ना', 'बरं', 'बघा' असल्या बारक्या शब्दांवर होतं. "सांगितलं होतं" आणि "सांगितलं होतं की" यांत बोलणाऱ्याचा सगळा स्वभाव येतो.

उच्चारांचं आम्ही बघतो. 'चाक', 'जाळं', 'झाड' यांतले च, ज, झ बऱ्याच यंत्रणा हिंदीसारखे काढतात. ते आम्ही एकेक ऐकून, शब्द वेगळा लिहून दुरुस्त करतो. हे काम दिसत नाही, पण बिलातला वेळ जातो तो इथे. त्यामुळे "सगळी वाक्यं तयार झाल्यावर आवाज बदला" असं सांगाल, तेव्हा हेही पहिल्यापासून होतं हे लक्षात असू द्या. एका आवाजात जमलेली दुरुस्ती दुसऱ्या आवाजात चालेलच असं नाही.

आकडे शब्दांत लिहा

ही एवढी एक गोष्ट तुम्ही घरून करून आणलीत तरी अर्धा दिवस वाचेल. १०:२६:२६ हे खत यंत्रणा घड्याळाची वेळ म्हणून वाचू शकते. ७/१२ ची तारीख होते किंवा अपूर्णांक होतो. 'केडीएस ७२६' या सोयाबीनच्या वाणाच्या नावातले आकडे कधी सुटे येतात, कधी एकत्र. म्हणून 'दहा सव्वीस सव्वीस', 'सातबारा', 'केडीएस सातशे सव्वीस' असं जसं बोलतो तसंच लिहा. 'क्विं.', 'प्रा.', 'ता. जि.' असली तोडकी रूपं पूर्ण लिहा. भावाचंही तसंच: २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असं न लिहिता 'पाच हजार तीनशे अठ्ठावीस' लिहा.

आणि लांबी. बोलण्याच्या वेगात मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बसतात. मिनिटाच्या रीलसाठी तीनशे शब्द आणून "जरा फास्ट घ्या" म्हणाल, तर अण्णा लिलाव पुकारल्यासारखे बोलतील. हसण्याच्या, सुस्काऱ्याच्या खुणा काही यंत्रणांत घालता येतात. त्या कमी घाला. प्रत्येक ओळीला हसणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

स्वतःच्या आवाजाची नक्कल हवी असेल तर

चांगला मार्ग आहे, विशेषतः क्लासेसवाल्या सरांसाठी. पण इथेही तीच चूक होते. सर पेपर हातात घेऊन रेकॉर्डिंग वाचून देतात आणि मग नक्कलही पेपर वाचते. नमुन्यात जी ढब असते, तीच उतरते. म्हणून वाचू नका, पोरांना जसं शिकवता तसं बोला, मध्ये एखाद्याला झापा, एखादा विनोद करा. पंखा बंद, मागे गाणं नको, भांड्यांचा आवाज नको. मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजनं पाठवलं की दाबलं जातं, फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राईव्हवर आणा.

दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल आम्ही त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय करत नाही. नट, गायक, पुढारी यांचे आवाज तर विचारूच नका, निवडणूक असो वा नसो. "सगळे करतात" हे आम्हालाही ठाऊक आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिलेला आहे. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

"चॅनल मॉनेटाईज होईल का?" हाही रोजचा प्रश्न. यूट्यूबनं एआय आवाजावर सरसकट बंदी घातलेली नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांनी नियम स्पष्ट केला, तो एकाच साच्यातले, घाऊक काढलेले व्हिडिओ कमाईला पात्र नसण्याबद्दलचा. दुसऱ्या खऱ्या माणसाच्या आवाजाची नक्कल वापरली, तर अपलोड करताना तसं जाहीर करावं लागतं. एकच आवाज, एकच सूर, फक्त विषय बदललेले शंभर व्हिडिओ टाकायचे असतील, तर आमच्याकडून करून घेण्यात तुमचाच तोटा आहे.

पैसे कशाचे घेता?

"मोबाईलवर फुकट होतं की." होतं. दुकानाच्या सेलची वीस सेकंदांची घोषणा असेल तर फुकटच्या अ‍ॅपवर करा, आमच्याकडे येऊन खर्च करू नका, हे आम्ही काउंटरवरही सांगतो. पण महिन्याला आठ-दहा भाग काढायचे असतील आणि लोकांनी पात्राचं नाव घेऊन कमेंट करावी असं वाटत असेल, तर बैठकीचे पैसे लागतात. ते आम्ही वेगळे दाखवतो, लपवत नाही. बैठकीतून तुम्हाला एक पान मिळतं: पात्र कोण, कुणाशी बोलतं, कशावर चिडतं, काय बोलत नाही, कुठले शब्द वापरतं, सोबत ठरलेला आवाज आणि उच्चारांची यादी. ते पान तुमचं. उद्या दुसरीकडे काम दिलंत तरी घेऊन जा.

पहिल्या मसुद्यावर दोन दुरुस्त्या दरातच धरल्या आहेत. ओळ बदलणं, थांबा बदलणं, उच्चार सुधारणं म्हणजे दुरुस्ती. 'आता अण्णांऐवजी मावशी करू' ही दुरुस्ती नव्हे, ते नवीन काम आहे. यावरून आमचे वाद होतात म्हणून ठळक सांगतो.

येताना फक्त मजकूर आणू नका. तुमच्या पात्रासारखा बोलणारा ओळखीचा कुणी असेल, चुलता, मामी, हॉटेलवाला, तर तो नेहमी काय म्हणतो ती चार-पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा. त्याचा आवाज नको, फक्त बोलणं. शनिवारी क्लासेसवाल्यांची गर्दी असते, शेतीच्या चॅनलवाल्यांनी शक्यतो मंगळवार-बुधवार दुपार धरावी. नमुना मिळाल्यावर तो हेडफोनवर ऐकून मत देऊ नका. मोबाईलच्या स्पीकरवर, घरात टीव्ही चालू असताना लावा, कारण तुमचे प्रेक्षक तसंच ऐकणार आहेत, आणि मग काय खटकलं ते मिनिट-सेकंदासह एकाच मेसेजमध्ये पाठवा.