स्कॉटिश फिशरीज म्यूझियम, अँस्ट्रदर

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यातील अँस्ट्रदर या लहानशा बंदरगावात असलेले मासेमारी व दर्यावर्दी जीवनाचे संग्रहालय. स्थापना १९६९. बंदरासमोरच्या जुन्या दगडी इमारतींमध्ये ते वसले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्याचे पोट हेरिंग माशावर चालत असे. हेरिंग आपल्या तारलीच्याच कुळातला. तेलकट, त्यामुळे लवकर नासणारा. जाळ्यातून आला की लगेच साफ करून मिठात घालावा लागे. १९०७ साली अशा खारवलेल्या हेरिंगची सुमारे २५ लाख पिंपे मुख्यतः जर्मनी, पूर्व युरोप व रशियाकडे रवाना झाली.

ती भरली बायकांनी. संग्रहालयात होड्या भव्य आहेत, पण पाहणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या 'हेरिंग लासीज'च्या, म्हणजे हेरिंगवाल्या मुलींच्या, दालनाला. तिघींची एक टोळी असे: दोघी मासे साफ करणाऱ्या, तिसरी पिंप भरणारी. छोट्या सुरीच्या एका फटक्यात आतडी बाहेर. सराईत हाताचा वेग मिनिटाला साठ माशांपर्यंत जाई. पोट वर करून माशांचा एक थर, त्यावर मीठ, मग पुन्हा थर. चिरलेल्या बोटांत मीठ झोंबू नये म्हणून प्रत्येक बोटाला सुती चिंधी गुंडाळलेली. हंगामाबरोबर या मुली उत्तरेकडच्या शेटलंड बेटांपासून पार इंग्लंडमधील यार्मथपर्यंत हेरिंगच्या मागोमाग जात. सारा संसार एका लाकडी पेटीत, आणि हात रिकामे झाले की विणकाम. मासळी धक्क्याला लागली की पुढचा सारा भार बाईच्या हातांवर, हे कोकणातल्या कोळीवाड्याला वेगळे सांगायला नको.

होड्यांमध्ये १९०३ साली बांधलेली 'रिसर्च' ही झुलू जातीची नौका पाहण्यासारखी आहे. हा प्रकार १८७९ मध्ये निघाला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी युद्ध चालू होते, त्यावरून हे नाव पडले. पुढचे टोक सरळ उभे, मागचे मात्र तिरके झुकलेले. जवळ उभे राहिले की एवढे धूड केवळ शिडावर हाकणाऱ्या खलाशांबद्दल आदर वाटतो. १९०२ची 'रीपर' ही दुसरी शिडाची होडी अजूनही पाण्यात तरंगते आणि सफरीवर नसली तर समोरच्या बंदरात दिसते. चार वल्हेकरी व एक सुकाणूधारी अशी 'सेंट एल्स स्किफ' ही वल्ह्यांची होडीही याच संग्रहालयाच्या पुढाकाराने जन्मली. २००९ पासून अनेक देशांतील किनारी गावांनी ती आपल्या हातांनी बांधली आहे.

समुद्रात बुडालेल्या स्कॉटिश मच्छीमारांच्या स्मृतीसाठी येथे एक शांत खोली राखली आहे. याच किनाऱ्यावर, आणखी दक्षिणेला, १४ ऑक्टोबर १८८१च्या वादळात १८९ मच्छीमार बुडाले. त्यांपैकी १२९ एकट्या आयमथ गावचे होते.