मोरीचा तुकडा आणि पाऱ्याचा हिशेब

पुतणी सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आली आणि त्याच रविवारी आईनं माझ्या हातात पिशवी दिली. "मोरी मिळाली तर बघ. मोरीनं दूध येतं. आत्तापासून पोटात गेलेली बरी." आईला तिच्या आईनं घातली, आईनं वहिनीला घातली. मोरी म्हणजे शार्क. तिच्या अंगात हाडं नसतात, नुसती कूर्चा असते, त्यामुळे काटा टोचत नाही, मऊ शिजते आणि प्रथिनं भरपूर. आईच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. पण मी रसायनशास्त्र शिकवतो आणि मोरी म्हटलं की मला आधी पारा आठवतो.

सांगलीला समुद्राची मासळी रत्नागिरीकडून बर्फात भरून घाट चढून येते. बाजारातल्या मावशी बांगड्याचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवतात, डोळा बघा म्हणतात, बोटानं दाबून खड्डा भरून येतो का ते दाखवतात. पिढ्यान् पिढ्यांची ही पारख आहे आणि मासा नासलाय की नाही हे ती चोख सांगते. धातूबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही. पारा मुरलेला मासा तितकाच लालभडक कल्ल्याचा, तितकाच चकचकीत डोळ्याचा असतो. ना वास, ना चव.

समुद्रात पारा येतो कुठून? थोडा ज्वालामुखीतून आणि खडकांतून, पण मोठा वाटा माणसाचा. दगडी कोळसा जाळला की त्यातला पारा धुराबरोबर हवेत जातो. त्याहून जास्त पारा जगभर हातानं चालणाऱ्या लहान लहान सोन्याच्या खाणींतून सुटतो. आपल्या विटा-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही: पारा सोन्याला धरतो. खाणीतल्या मातीत पारा कालवायचा, त्यानं सोनं पकडलं की तो गोळा तापवायचा, पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. उडालेला पारा पावसाबरोबर कधीतरी पाण्यात उतरतोच.

तळाच्या गाळात, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथं राहणारे काही जिवाणू या पाऱ्याला कार्बनचा एक छोटा गट चिकटवतात. झाला मिथिल पारा. हे काम त्यांच्या कोणत्या दोन जनुकांमुळे होतं, ते २०१३ मध्ये सापडलं. साधा पारा पोटातून बराचसा तसाच बाहेर पडतो. मिथिल पारा जवळजवळ सगळा रक्तात शिरतो आणि प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरून बसतो.

मग सुरू होते खाण्याची उतरंड. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळात कणभर. ते शेवाळ जवळा खातो, जवळ्यासारखे बारके जीव मांदेलीच्या पोटात, मांदेली सुरमईच्या, सुरमई मोठ्या मोरीच्या. दर पायरीला अन्न वापरलं जातं, पारा तेवढा साठून राहतो. पाण्यापासून वरच्या शिकारी माशापर्यंत पोचेस्तोवर त्याचं प्रमाण दहा लाख पटींच्याही वर जातं. शिवाय मोठा मासा जास्त वर्षं जगतो, म्हणजे जास्त वर्षं साठवतो.

आता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं २००३ मध्ये पोटातल्या बाळाचा मेंदू डोळ्यांपुढे ठेवून मिथिल पाऱ्याची मर्यादा घातली: दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला ९६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत शार्कच्या किलोभर मांसात सरासरी ०.९८ मिलिग्रॅम पारा निघाला. म्हणजे १०० ग्रॅमच्या एका तुकड्यात ९८ मायक्रोग्रॅम, आठवड्याचा कोटा एका जेवणात संपला. आपल्या सुरमईच्या जवळच्या नात्यातला तिकडचा किंग मॅकरेल, त्यात ०.७३ मिलिग्रॅम. आणि सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची भावंडं? ०.०१३. तेवढाच पारा अंगात जायला सात किलोंवर तारली खाव्या लागतील.

हे आकडे तिकडच्या पाण्यातले आहेत. इथला शार्क थोडा वेगळा निघेल. आपल्या बाजारात येणारी मोरी बहुतेक वेळा हात-सव्वा हात लांबीच्या लहान जातीची असते आणि तिच्यात मोठ्या शार्कइतका पारा साठायला तेवढं आयुष्यच मिळत नाही. पण उतरंड सगळ्या समुद्रात एकच आहे. सोललेल्या, कापलेल्या तुकड्यावरून मासा केवढा होता हे आपण विचारत नाही, आणि खरं तर तेच विचारायला हवं.

आईला मी आकडे सांगितले नाहीत. मिनामाताची गोष्ट सांगितली. जपानमधल्या या गावाच्या उपसागरात एक रासायनिक कारखाना १९३२ ते १९६८ पर्यंत पाऱ्याचं सांडपाणी सोडत होता. आधी मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी नाचून मरायला लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, जिभा अडखळू लागल्या. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. सगळ्यात वाईट पुढेच होतं. काही आया वरवर धडधाकट होत्या आणि त्यांची मुलं मात्र जन्मतःच मेंदूनं अधू. मिथिल पारा वार, म्हणजे प्लॅसेंटा, ओलांडतो आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त साठतो. हे सिद्ध कसं झालं? जपानी घरांत बाळाची नाळ वाळवून डबीत जपून ठेवायची रीत आहे. हाराडा मासाझुमी या डॉक्टरांनी त्या वर्षानुवर्षं जपलेल्या नाळा मिळवल्या आणि त्यांत पारा मोजला. नाळेचं ऐकून आई गप्प झाली. माझी नाळ कुठं पुरलीय हे ती आजही बोट दाखवून सांगते.

धुऊन, आमसुलात मुरवून, कडकडीत तळून पारा जात नाही का, असं वहिनीनं विचारलं. नाही जात. तो चरबीत नसतो, मांसाच्या प्रथिनातच असतो. तळल्यावर पाणी उडतं आणि ग्रॅमामागचं प्रमाण उलट थोडं वाढतं. कॅडमियमचं मात्र वेगळं आहे. सराफ कट्ट्यावर 'केडीएम' दागिना म्हणतात, त्याच्या सांध्यात पूर्वी वापरायचे तोच हा धातू. तो मांसात कमी आणि पचनग्रंथीत जास्त साठतो: खेकड्याच्या कवटीतला तपकिरी गर, माकुळाची आतडी. एकदा मूत्रपिंडात गेला की दहा ते तीस वर्षं मुक्काम ठोकतो. म्हणून माकूळ नीट साफ करणं आणि कवटीतला गर लहान मुलांना न भरवणं, एवढ्यानंही खरा फरक पडतो. पाऱ्यापुढे चाकू चालत नाही, कॅडमियमपुढे चालतो.

आठवडी बाजारातल्या सुकटीबद्दलही घबराट होते. ओल्या बोंबलात शंभर ग्रॅमामागे जेमतेम बारा-पंधरा ग्रॅम घन भाग, बाकी पाणी. कडक वाळवला की सगळ्याच गोष्टींचं प्रमाण सहा-सात पटींनी चढतं, धातूंचंही. पण सुके बोंबील आपण मूठभर खातो, ताटभर नाही. तपासणीचा आकडा दिसला की तो ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे आधी बघावं.

आणि कृष्णा? उन्हाळ्यात अंकलीच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच दिसला की लोक महिनाभर मासे सोडतात. पण असा खच बहुतेक वेळा सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपल्यानं पडतो. ते मासे खाऊ नयेतच, पण त्यावरून धातूंचा अंदाज बांधता येत नाही. धातू माशाला असं एका रात्रीत मारत नाहीत, म्हणून तर ते ताटापर्यंत पोचतात. प्रयोगशाळेत मांसाचा तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवून मोजल्याशिवाय ते सापडत नाहीत. प्रत्येक मोठ्या मासळी बाजारातले नमुने ठरावीक दिवसांनी असे तपासले जावेत आणि निकाल बाजारातच फळ्यावर लागावेत, असं मला फार मनापासून वाटतं. कल्ल्याची पारख मावशी करतात. ही पारख त्यांनी एकट्यानं करायची नाही.

मासे सोडा असं मी घरात म्हणालो नाही, म्हणणारही नाही. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं तारली-बांगड्याइतकी स्वस्तात दुसरीकडे कुठं मिळत नाहीत.

त्या रविवारी मावशींच्या पाटीवर मोरी होती. "केवढी होती ही?" मी विचारलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, दोन्ही हात पसरले आणि तरी ते पुरेनात म्हणून हसल्या. "लई मोठी होती, सर. दोघांनी उचलली." मी तारल्या घेतल्या, एक किलो. आईनं तिरफळं घालून केल्या, आणि काटे काढत काढत पुतणीला स्वतः भरवल्या.