स्पंदन पावणारे श्वेत बटू आणि जोडीदाराकडून येणारे द्रव्य

श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा आकसलेला, अतिघन अवशेष. अशा ताऱ्यांच्या तेजात नियमित चढउतार होतात, हे प्रथम खगोलशास्त्रज्ञ आर्लो लँडोल्ट यांना १९६४ साली एचएल टाउ ७६ या ताऱ्याचे निरीक्षण करताना आढळले. त्याचा आवर्तकाल साडेबारा मिनिटांच्या आसपास होता. पुढे अशा ताऱ्यांचा एक वर्गच निश्चित झाला. हायड्रोजनचे आवरण असलेला एकाकी श्वेत बटू थंड होत सुमारे १२,००० ते ११,००० केल्विन या अरुंद तापमानपट्ट्यात आला की स्पंदन पावू लागतो, आणि भूकंपलहरींवरून पृथ्वीचे अंतरंग कळावे तसे त्या स्पंदनांवरून ताऱ्याचे वस्तुमान, परिवलन आणि अंतर्रचना यांविषयी अनुमान करता येते.

जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेणाऱ्या श्वेत बटूंबाबत मात्र हा मार्ग दीर्घकाळ बंदच होता, कारण त्यांच्याभोवती फिरणाऱ्या, ओढलेल्या द्रव्याच्या तबकडीच्या झगमगाटात मूळ ताऱ्याचा प्रकाश हरवून जातो. १९९८ साली ब्रायन वॉर्नर आणि लिझा व्हॅन झिल यांनी तूळ समूहातील जीडब्ल्यू लिब्रे या बटू नवताऱ्यात (जोडीदाराकडून येणाऱ्या द्रव्यामुळे अधूनमधून अचानक उजळणाऱ्या जोडताऱ्यात) स्पंदने असल्याचे जाहीर केले. त्याचे सुमारे २३६, ३७६ आणि ६४८ सेकंदांचे आवर्तकाल दिसू शकले, ते तेथील द्रव्यसंचयन, म्हणजे जोडीदाराकडून द्रव्य येण्याची क्रिया, अत्यंत मंद असल्यामुळे. पुढे स्लोन या आकाशाच्या व्यापक सर्वेक्षणातून असे आणखी तारे हाती लागले, ज्यांचा पाठपुरावा पॉला श्कोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने केला.

हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांनी एक पेच उभा केला: जीडब्ल्यू लिब्रेचे तापमान सुमारे १४,७०० केल्विन, म्हणजे परिचित पट्ट्याच्या बरेच बाहेर निघाले. अ‍ॅरस, टाउन्सली आणि बिल्डस्टेन यांनी २००६ साली त्याचा उलगडा सुचवला. जोडीदाराकडून आलेल्या आवरणात हीलियम पुरेसे असेल, तर त्याच्या आयनीभवनामुळे (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होण्यामुळे) १५,००० केल्विनच्या आसपासही स्पंदने निर्माण होऊ शकतात.

या अभ्यासाचे खरे मोल मला २००७ सालच्या घटनांत दिसते. एप्रिलमध्ये जीडब्ल्यू लिब्रेचा २४ वर्षांनंतर उद्रेक झाला आणि एरवी सतराव्या प्रतीचा हा तारा आठव्या प्रतीपर्यंत उजळला (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). सप्टेंबरमध्ये व्ही ४५५ अँड्रोमेडी या अशाच दुसऱ्या ताऱ्याचाही उद्रेक झाला. एकाकी श्वेत बटूला हा पट्टा ओलांडायला कोट्यवधी वर्षे लागतात. येथे उद्रेकाने तापलेला तारा काही वर्षांतच निवताना पाहता आला. व्ही ४५५ अँड्रोमेडीची स्पंदने परतली तेव्हा त्यांचे आवर्तकाल पूर्वीपेक्षा कमी होते आणि तारा थंड होत गेला तसतसे ते वाढत गेले. जीडब्ल्यू लिब्रे मात्र असा सरळ वागला नाही: जुन्या स्पंदनांऐवजी २००८ साली त्यात सुमारे १९ मिनिटांचा नवाच आवर्तकाल दिसू लागला.