सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते का?

गाडीची काढलेली बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, खाली फळी हवीच, असं सांगितलं जातं. एके काळी यात तथ्य होतं. जुन्या बॅटऱ्यांचं कवच लाकडाचं किंवा कडक रबराचं असे. ॲसिड पाझरे, ओल धरली की वीज झिरपायला वाट मिळे. आताचं कवच प्लॅस्टिकचं, त्यातून वीज वाहत नाही. बॅटरी उतरते ती आतल्या रासायनिक क्रियेमुळे, फळीवरही. उकाड्यात जरा लवकर.

पडताळायचंय? सारख्या दोन बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून एक फळीवर, एक जमिनीवर शेजारी ठेवा. महिन्याने मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेली तर पुन्हा चार्ज करा. फळी ठेवायची तर खुशाल ठेवा, फरशीवर ॲसिडचे डाग तरी पडणार नाहीत.