क्युबाचा झेंडा कुठला आणि पोर्तो रिकोचा कुठला?

दोन्ही झेंडे शेजारी बघितले की कोणीतरी एकाचे रंग उलटे करून दुसरा बनवलाय असं वाटतं, आणि खरंच तसंच झालंय. पाच आडवे पट्टे, दांडीकडे त्रिकोण, त्यात एकच पांढरा तारा, सगळं सेम. त्रिकोण लाल आणि पट्टे निळे-पांढरे म्हणजे क्युबा, त्रिकोण निळा आणि पट्टे लाल-पांढरे म्हणजे पोर्तो रिको. बास, एवढंच लक्षात ठेवा.

थोरला क्युबाचा. तेव्हा ही दोन्ही कॅरिबियन बेटं स्पेनच्या ताब्यात होती. 1849 मध्ये न्यूयॉर्कमध्ये नार्सिसो लोपेस आणि कवी मिगेल तेउर्बे तोलोन यांनी तो ठरवला. हा लोपेस आधी स्पेनच्याच सैन्यात जनरल होता बरं का, 1850 ला माणसं जमवून क्युबात कार्देनासला उतरला, झेंडा फडकवला, पण लोकांनी काही साथ दिली नाही, आल्या पावली पळावं लागलं आणि पुढच्या वर्षी स्पेनने त्याला हवानात देहदंड दिला. गंमत म्हणजे त्याच्या पाठीराख्यांपैकी बऱ्याच जणांना क्युबा स्वतंत्र नको होता, अमेरिकेला जोडायचा होता! तरी 1869 मध्ये बंडखोरांच्या सभेने हाच झेंडा घेतला.

पोर्तो रिकोचा आला 1895 च्या डिसेंबरात, परत न्यूयॉर्कमध्येच. तेव्हा स्पेनविरुद्ध लढायला क्युबाचा स्वातंत्र्यनेता होसे मार्ती याने काढलेल्या क्युबन पक्षातच पोर्तो रिकोवाल्यांची वेगळी शाखा होती, आपली लढाई एकच आहे हे दाखवायला त्यांनी क्युबाचे रंग उलटे करून घेतले. कल्पना नक्की कोणाची यावर मात्र दोन-तीन नावांची भांडणं अजून चालूच आहेत.

1898 ला स्पेन हरला आणि दोन्ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात गेली. क्युबाचा झेंडा 1902 ला हवानात अधिकृतपणे चढला. पोर्तो रिको मात्र अमेरिकेकडेच राहिलं आणि 1948 च्या एका कायद्याखाली तर हा झेंडा लावला म्हणून जेलची पाळी यायची. मग 1952 मध्ये तोच झेंडा सरकारी झाला, पण निळा वापरला गडद, अमेरिकेच्या झेंड्यासारखा. त्यामुळे तिथे कोणी फिकट आकाशी त्रिकोणाचा झेंडा लावला तर तो बहुतेक स्वातंत्र्यवाला समजायचा.