हवाबंद पेटीतला पावसाळा

जून लागला की आकाश बघणाऱ्या दुर्बीणवाल्यांच्या गप्पांत, दुर्बिणीचं सामान ठेवायच्या पेटीवरून, एक वाक्य हमखास येतं : "आपली पेटी आयपी ६७ आहे, टेन्शन नाही." जाहिरातीतही तेच दाखवतात. पेटी पाण्याच्या टबात बुडवलेली आणि आतलं सामान कोरडं ठणठणीत. जाहिरात खोटी नसते. आयपी ६७ मधला सहाचा आकडा धुळीचा, सातचा पाण्याचा. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवली तरी त्रास होईल इतकं पाणी आत शिरणार नाही, एवढीच त्याची हमी. पण आपल्याकडचे आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो तिथली बदलता येणारी भिंगं, पाण्यात बुडून खराब होत नाहीत, बुरशीने होतात. आणि बुरशीला पुरेल एवढा ओलावा बाहेरून यावाच लागत नाही. झाकण लावताना आपणच तो आत कोंडतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. बहुतेक आयपीस पूर्ण सीलबंद नसतात, त्यामुळे काही मायक्रॉनचे हे बीजाणू भिंगांच्या मधल्या फटीतही पोचतात. धूळ, बोटांचा तेलकटपणा, एवढं खाणं त्यांना पुरतं. सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरायला लागतात. तंतू पुसता येतात. खरं नुकसान त्यांच्यातून सुटणाऱ्या आम्लांनी होतं, ती भिंगावरचा लेप खातात. भिंगावरच्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या थराची जाडी जेमतेम १०० नॅनोमीटर. नुसत्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, तो दीड टक्क्याच्या आसपास आणण्याचं काम हा थर करतो. प्लॉसल या साध्या, नेहमीच्या जातीच्या आयपीसातही चार भिंगं दोन जोड्यांत बसवलेली असतात आणि बुरशी नेमकी त्या जोड्यांच्या मधे बसते. तिथे आपलं बोट पोचत नाही, आणि पोचवूही नये.

आता थोडं गणित करू, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

ऑगस्टातली मुंबई घ्या. तापमान २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे प्रत्यक्षात २३ ग्रॅम असेल. आपली पेटी १५ लिटरची. तिच्यातल्या हवेत पाणी किती? ०.३५ ग्रॅम, म्हणजे सहा-सात थेंब. आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणायची तर त्यातलं अर्धं काढलं की झालं. एवढं पाणी एक ग्रॅम सिलिका जेलही शोषून घेईल, बुटांच्या खोक्यात मिळते ती पुडी बास. मग लोक पन्नास-शंभर ग्रॅम का टाकतात? आणि एवढं टाकूनही चार दिवसांत दाणे रंग का बदलतात?

कारण पेटीतलं पाणी हवेत नसतंच, ते सामानात असतं. सुती कापड ८५ टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या दहा-अकरा टक्के पाणी धरून ठेवतं, ४५ टक्क्यांना पाच-सहा टक्के. हाताला दोन्ही वेळा ते कोरडंच लागतं. भिंगं पुसायचं म्हणून ठेवलेलं ५० ग्रॅमचं फडकं हवा कोरडी होऊ लागली की दोन-अडीच ग्रॅम पाणी सोडतं. पेटीतल्या सगळ्या हवेत होतं त्याच्या सहापट! आयपीस ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आले ती खोकी, वहीत काढलेले तारकानकाशे, दुर्बिणीचा कापडी पट्टा, सगळ्यांचा हाच स्वभाव. सिलिका जेल दोन थेंब पितं, फडकं आणखी दोन सोडतं, आणि आर्द्रतामापक जागचा हलत नाही. गाडीच्या डिकीत पेटी तापली तर आणखी वाईट : तापलेलं कापड जास्त वाफ सोडतं आणि रात्री काच थंड झाली की ती वाफ काचेवर बसते. म्हणून पेटीत काच, धातू आणि प्लॅस्टिकच ठेवावं. कापड, कागद, पुठ्ठा बाहेर. खोक्यांचा मोह असेल तर ती माळ्यावर टाका.

सिलिका जेल पाणी 'पितं' म्हटलं खरं, पण ते पाण्यात विरघळत नाही की पाण्याने फुगत नाही. त्याच्या दाण्यात दोन-तीन नॅनोमीटर रुंदीची असंख्य छिद्रं असतात. एका ग्रॅममधला आतला पृष्ठभाग ६०० चौरस मीटरच्या वर, म्हणजे जवळपास साडेसहा हजार चौरस फूट. पाण्याचे रेणू आधी या भिंतींना चिकटतात. मग अरुंद छिद्रात पाण्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वाकतो, आणि अशा वाकलेल्या पृष्ठभागावरून रेणूंना सुटून जाणं सपाट पृष्ठभागापेक्षा अवघड असतं. त्यामुळे हवा संपृक्त होण्याच्या कितीतरी आधीच छिद्रात वाफेचं पाणी होतं. छिद्र जितकं अरुंद, तितक्या कमी आर्द्रतेला हे घडतं. १२० अंशाच्या आसपास दोन-तीन तास तापवलं की रेणूंना पळायला पुरेशी ऊर्जा मिळते आणि जेल पुन्हा कामाला तयार. निळे दाणे गुलाबी होतात ते कोबाल्ट क्लोराइडमुळे. ते विषारी आहे, केक भाजायच्या भांड्यात तापवू नका. त्यापेक्षा नारिंगी दाणे घ्या.

यावर घरगुती उपायांचं पीक भरपूर. तांदळाची पुरचुंडी घाला म्हणे! दुकानातून आलेल्या तांदळात आधीच बारा-तेरा टक्के पाणी असतं, म्हणजे पेटी ४५ टक्क्यांवर आणण्याइतकं पाणी शोषायला त्यात जागाच उरलेली नसते. वर त्याची पिठूळ धूळ बुरशीला आयतं जेवण. डांबरगोळ्या आणि कापूर तर पेटीच्या जवळही नकोत. ते न वितळता थेट हवेत उडतात आणि थंड काच दिसली की तिच्यावर पुन्हा जमतात. 'नॅनो ड्राय' छापाच्या चिकटपट्ट्या आत नेमकं काय आहे ते सांगत नाहीत, किंमत मात्र सांगतात.

सिलिका जेल घातल्यावर पेटीत खरंच काय चाललंय ते कळायला हवं. दोन-अडीचशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक पाच-सात टक्के सहज चुकतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून लगदा करा. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक एकाच झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा आपोआप ७५ टक्के आर्द्रतेला स्थिरावते, मग तुम्ही नागपुरात असा की रत्नागिरीत. मापक ८० दाखवत असेल तर तो पाचाने चढा, हे डब्यावर लिहून ठेवा. पेटीत चाळीस ते पन्नास दिसले की पुरे.

आता फोम. पेटीबरोबर चौकोनी तुकडे उपटून काढायचा जो मऊ फोम येतो तो पॉलियुरेथेन. त्याच्या पॉलिएस्टर जातीतल्या रेणूसाखळ्या दमट हवेत पाण्याच्या रेणूंनी तुटत जातात. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळवा चार पावसाळ्यांनी हातात भुगा होऊन येतो, तसा हा फोम चिकट होतो आणि मग झडतो. तो चिकटा आयपीसच्या बॅरलला, म्हणजे दुर्बिणीत बसणाऱ्या नळीला, लागला की निघता निघत नाही. पांढरा किंवा काळा बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम कापायला कडक असतो, पण त्याला हा रोग नाही.

फोममध्ये आयपीससाठी खाचा कापताना रात्रीचा विचार करावा. अंधाराला सरावलेले डोळे मिळवायला वीस-तीस मिनिटं लागतात, ते मोबाइलच्या एका झोताने जातात. म्हणून पेटी लाल टॉर्चमध्ये किंवा नुसत्या हाताने चालवता आली पाहिजे. सर्वात जास्त नाभीय अंतराचा आयपीस डावीकडे, मग उतरत्या क्रमाने, शेवटी बार्लो, म्हणजे आयपीसचं वर्धन वाढवणारं जोडभिंग. बॅरल खाली, दोन्ही टोप्या लावलेल्या. लाल रंगात छापलेले आकडे लाल उजेडात पांढऱ्या पट्टीवरून चक्क गायब होतात, तेव्हा खुणेसाठी काळं पेन वापरा. लेझर कॉलिमेटरमधला (दुर्बिणीचे आरसे रेषेत जुळवायच्या उपकरणातला) सेल काढूनच कॉलिमेटर आत जाऊ द्या. गळलेल्या अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्याचे स्प्रिंग खाऊन टाकतं.

निरीक्षणाहून पहाटे परतताना आयपीसवर दव असतंच. ते ओलेच आत ठेवून पेटी दिवसेंदिवस बंद राहिली की वर केलेलं सगळं गणित वाया. तरी घरात शिरल्या शिरल्या पेटी उघडू नका, थंड काचेवर घरातली वाफ बसेल. बंदच ठेवा, दोन तासांत ती खोलीच्या तापमानाला येते. मग उघडा, आयपीस पंख्याखाली उभे करा, पूर्ण कोरडे झाले की ताजं जेल घालून बंद करा.

सूर्याचा फिल्टर या गर्दीत कोंबू नये. त्याला चपटा वेगळा डबा हवा, कारण आयपीसच्या कडेने पडलेलं टाचणीएवढं भोकही डोळ्याला महाग पडतं. २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, तेही ऐन पावसाळ्यात. ढग हटले तर धावपळ होईल, तेव्हा फिल्टर आदल्या दिवशीच दिव्यासमोर धरून तपासा. एक जरी ठिपका चमकला तरी तो फिल्टर कचऱ्यात.